विडीचें पान आणि धुराची चव

‘विडी’ हें ‘विडा’ ह्या शब्दाचें धाकटें रूप आहे. विडा म्हणजे पानाची गुंडाळी. आंत सुपारी असो, कात असो, वेलदोडा असो. नांव मिळतें तें वरच्या पानाला. विडीच्या नांवांतहि तंबाखूचा कोठें पत्ता नाहीं. दक्षिणेकडील ‘चिरूट’ हा शब्दहि तामीळमधील ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळी, ह्यावरूनच आला. ज्यांनीं हीं नांवें पाडलीं, त्यांना वस्तूचें मर्म बरोबर कळलें होतें असें म्हटलें पाहिजे.

ओढणारा मात्र सहसा तंबाखूचेंच गुणगान करतो. निपाणीची तंबाखू अशी, चरोतरची तशी, ही चर्चा पारावर रंगते. वर गुंडाळलेल्या पानाची चौकशी क्वचितच होते. वास्तविक धुराला चव कशी येते, तो घशाला कसा लागतो, विडी किती वेळ पेटती राहते आणि शरीरांत किती विष उतरतें, ह्या चारहि गोष्टींत त्या पानाचा हात असतो. इतकेंच नव्हे, तर विडी वळणाऱ्या बाईच्या पदरांत दिवसाअखेर किती पैसे पडावयाचे, हेंहि पुष्कळ अंशीं तेंच पान ठरवितें.

पानाच्या ह्या महत्त्वाची जाणीव परदेशांतील सिगारच्या धंद्याला फार पूर्वींपासून आहे. सिगारचे तीन भाग असतात: पोटांत भरलेली तंबाखू, ती बांधून धरणारें आंतलें पान आणि सर्वांत वरचें वेष्टण. तिन्ही तंबाखूचींच. वेष्टणाचें पान वजनानें अगदीं थोडें. तरी बाजारांत सर्वांत महाग तेंच विकलें जातें, आणि चवीचा मोठा वाटा तेंच देतें असें ह्या धंद्यांतील जाणते सांगतात. अमेरिकेंतील कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यांत हें पीक कापडाच्या मांडवाखालीं वाढवितात. ऊन गाळून आल्यामुळें पान मोठें, पातळ आणि बारीक शिरांचें होतें. त्याचा धूर सौम्य लागतो. उघड्या उन्हांत वाढलेलें पान जाड, तेलकट आणि चवीला भारी असतें. तोडणीनंतर पानांचे ढीग रचून तीं आंबविलीं जातात. ढिगांत आपोआप उष्णता वाढते, अमोनिया उडून जातो आणि कच्चा उग्रपणा उतरतो. ही क्रिया अधिक उष्णतेंत व अधिक काळ चालू ठेवली कीं पान काळपट होऊन त्याला गोडसर चव येते. उलट, तोडल्याबरोबर भट्टीच्या उष्णतेनें झटपट सुकविलें तर हिरवा रंग कायम राहतो आणि धुराला गवताचा वास राहतो. काळें पान तें कडक आणि फिकें तें सौम्य, हा रूढ समज मात्र खरा नव्हे. रंग येतो तो मुख्यतः सुकविण्याच्या आणि आंबविण्याच्या रीतीमुळें. कडकपणा अवलंबून असतो तो निकोटिनावर, आणि त्याचा मोठा सांठा पोटांतल्या तंबाखूंत असतो.

भारतानेंहि असें वेष्टण पिकविण्याचा प्रयत्न केला. कुचबिहार जिल्ह्यांतील दिनहाटा येथें १९५२ सालीं ह्याच कामासाठीं एक संशोधनकेंद्र स्थापन झालें. परंतु सिगार ही भारतांत मूठभर लोकांचीच चैन राहिली. बहुजनांनीं जें ओढलें, त्याचें वेष्टण तंबाखूच्या शेतांतून आलें नाहीं. तें रानांतून आलें. महाराष्ट्राची गोष्ट सिगारहून वेगळी होते ती येथें.

तंबाखू ह्या देशांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली आणि दख्खनेंत ती लवकर रुजली. अकबराच्या दरबारीं ती पोहोंचली तीहि विजापूरहून परतलेल्या असद बेगाच्या सामानांतून, सतराव्या शतकाच्या अगदीं आरंभीं. कागद महाग आणि दुर्मिळ; तेव्हां जें झाड जवळ, त्याचें पान वेष्टणाला, हा सरळ हिशेब होता. गोव्यांत ‘धुमटी’ नांवाची एक शंकूसारखी चिरूट घरच्या घरीं वळली जाई. तिला फणसाचें किंवा सुकलेल्या केळीचें पान लावीत. ती दुकानांत विकत मिळत नसे. ओढणाऱ्यानें आपली आपण करावयाची. एवढ्यावरूनच दिसेल कीं, पानाची निवड ही प्रथम चवीची नव्हती, सोयीची होती. चवीचा प्रश्न निघाला तो विडी बाजारांत विकाऊ झाल्यानंतर.

आजचा अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर, ह्या बाबतींत पाहण्यासारखा आहे. नगर शहर आणि संगमनेर हीं विडीचीं जुनीं केंद्रें. नाशिक जिल्ह्यांतील सिन्नर त्यांचें शेजारी. मौज अशी कीं, कारखान्यांना पुरेल इतकी तंबाखू ह्या जिल्ह्यांत पिकत नाहीं, आणि आज वापरलें जाणारें पानहि येथल्या रानांतलें नव्हे. तंबाखू येते निपाणीकडून आणि गुजरातेंतून. पान येतें विदर्भांतून आणि त्यापलीकडच्या जंगलांतून. जिल्ह्यानें दिले ते हात. नगर आणि संगमनेर येथें लुगडीं विणण्याचा मोठा व्यवसाय होता. हातमाग बसत चालला तेव्हां तेलुगुभाषी पद्मशाली घरांतील कित्येक स्त्रियांनीं विडीचें सूप मांडीवर घेतलें. सुताशीं खेळणारीं बोटें पानाशीं खेळूं लागलीं.

ह्या भागाच्या जवळचें पान म्हणावें तर तें आपट्याचें. सह्याद्रीच्या उतारावर, अकोल्याकडच्या डोंगरांत, आपटा सर्वांच्या ओळखीचा आहे. विजयादशमीला सोनें म्हणून जें पान वडीलधाऱ्यांच्या हातीं द्यावयाचें, तेंच पान पश्चिम महाराष्ट्रांत विडीलाहि लावलें जाई. वर्षांतील एक दिवस त्याला सोन्याचा मान. बाकीचे दिवस धुराची वाट! परंतु आपट्याची एक अडचण आहे आणि ती पान हातांत घेतल्याबरोबर दिसते. तें दोन पाकळ्यांचें, टोंकाशीं दुभंगलेलें; देठापासून सात-नऊ शिरा पंख्यासारख्या पसरलेल्या. विडीसाठीं पानांतून चौकोनी तुकडा कापावा लागतो. आपट्याच्या लहानशा पानांत अखंड, सपाट आणि बिनशिरेचा तुकडा थोडाच निघतो. आणि जेथें शीर जाड, तेथें गुंडाळी नीट बसत नाहीं. फट राहिली कीं वारा आंत शिरतो, विडी एका बाजूनें जळते, आणि धूर मिळमिळीत लागतो. पळस आणि कुंभा ह्यांचींहि पानें कोठें कोठें वापरलीं गेलीं. आकारानें तीं आपट्याहून मोठीं. पण बाजारांत टिकलें तें टेंभुर्णीचें पान, ज्याला व्यापारांत तेंदू म्हणतात.

टेंभुर्णी ही आबनुसाच्या कुळांतली. मध्य भारताच्या आणि दख्खनच्या कोरड्या, पानझडी रानांत ती भरपूर उगवते. तिचें पान लांबट, रुंद आणि चिवट. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना मोठा सपाट भाग मिळतो. ह्या पानाचा खरा गुण मात्र दुसराच आहे. एकदां खडखडीत वाळल्यावर त्यावर पाणी शिंपडलें तर तें पुन्हां मऊ होतें, न तडकतां वळतें, आणि वळलेला आकार सोडीत नाहीं. अनेक पानांना हें साधत नाहीं. वाळलीं कीं तीं पाचोळाच होतात. शिवाय टेंभुर्णीच्या पानाला स्वतःची अशी उग्र चव नाहीं. तें तंबाखूवर कुरघोडी करीत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं, रेल्वेमुळें मध्य प्रांताचीं जंगलें बाजाराशीं जोडलीं गेल्यावर, ह्या गुणांच्या बळावर टेंभुर्णीनें इतर पानांना मागें सारलें.

परंतु टेंभुर्णीचें म्हणून कोणतेंहि पान चालत नाहीं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा ह्या जिल्ह्यांत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास झुडुपांची खुटकटाई करतात. जुनीं खोडें जमिनीलगत छाटलीं म्हणजे महिना-दीड महिन्यानें मुळांतून नवे धुमारे फुटतात. विडीचें पान तें ह्या धुमाऱ्यांचें. मोठ्या झाडाचें पान जून, खरखरीत आणि जाड शिरांचें असल्यामुळें वळतांना तडकतें. उलट अगदीं कोंवळें, तांबूस पान तोडलें तर तें वाळतांना आकसतें व काळवंडतें. मधली अवस्था फार थोडे दिवस असते. एप्रिल-मेच्या उन्हांत, पहाटेपासून, बायामुलांसह कुटुंबेंच्या कुटुंबें रानांत जातात. महाराष्ट्रांत सत्तर पानांचा एक पुडा बांधतात आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. पुडे उन्हांत ओळीनें मांडून, मधून मधून उलटून वाळवावयाचे. मग थोडें पाणी शिंपडून बोदांत, म्हणजे मोठ्या पोत्यांत, भरावयाचे. ह्या आठवड्याभरांत वळवाचा एक पाऊस पडला तर पानावर काळे डाग उठतात. एक बारीक किडाहि पानावर गांठी उठवितो, आणि गांठीचें पान विडीला निरुपयोगी. नगरच्या विडीची चव अशा रीतीनें तीनचारशें मैलांवरच्या रानांत, आणि तीहि वैशाखाच्या एका पंधरवड्यांत, बरीचशी ठरून जाते. हा व्यापार १९६९ च्या कायद्यानें महाराष्ट्र शासनाच्या नियंत्रणाखालीं आला. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलींतील अनेक ग्रामसभा आपलें पान आपणच विकूं लागल्या.

आतां धुराकडे वळावें. टेंभुर्णीच्या पानांत निकोटीन नसतें. तेव्हां सिगारच्या वेष्टणाप्रमाणें हें पान तंबाखूंत तंबाखूची भर घालीत नाहीं. तरीहि तें जळतें, आणि जळणाऱ्या पानाचा धूर तंबाखूच्या धुरांत मिसळतो. विडी ओढलेल्या खोलींत जो वाळल्या पाल्यासारखा वास मागें राहतो, तो बराचसा ह्या पानाचा. विड्या वळून झाल्यावर कारखान्यांत त्या भट्टींत शेकतात. ओलावा निघून जातो, बुरशी धरत नाहीं, आणि पानाला किंचित् भाजका वास येतो. जाणकार ज्याला ‘खरपूस’ म्हणतात तो हाच. पावसाळ्यांत सर्दावलेली विडी चव सोडते, ह्याचें कारणहि तंबाखूपेक्षां पानांतच अधिक असतें.

एवढ्यानें चवीचा प्रश्न सुटत नाहीं. पानाचा चवीवरील सर्वांत मोठा परिणाम त्याच्या वासानें होत नाहीं. तें हवा अडवितें ह्यामुळें होतो. सिगारेटचा कागद मुद्दाम सच्छिद्र केलेला असतो. त्यांत खडूसारखा चुनखडीचा पदार्थ घालतात, म्हणजे तो एकसारखा जळत राहतो. आणि प्रत्येक झुरक्याबरोबर कागदाच्या छिद्रांतून थोडी हवा आंत येऊन धूर पातळ होतो. टेंभुर्णीचें पान चिवट आणि घट्ट. त्यांतून हवा फारशी शिरत नाहीं. जी काय हवा यावयाची ती पेटत्या टोंकांतून. म्हणून विडीचा धूर दाट लागतो, घशाला झोंबतो, आणि ओढणारा त्यालाच ‘कडक’ म्हणून वाखाणतो. त्याच कारणानें विडी विझतेहि लवकर. ती पेटती ठेवावयाची तर झुरके भराभर आणि जोरानें घ्यावे लागतात. सिगारेट हातांत धरून माणूस गप्पा मारूं शकतो. विडी धरून गप्पा मारल्या तर काड्यापेटी पुन्हां काढावी लागते. विडी ओढणाऱ्यानें सतत ‘ओढीत’ राहावें, ही त्या पानाची अट आहे.

ह्या अटीचा परिणाम जिभेपुरता राहत नाहीं. एका विडींत तंबाखू असते सुमारें पाव ग्रॅम किंवा त्याहूनहि कमी. सिगारेटींत तिच्या तिप्पट असूं शकते. साध्या हिशेबानें पाहिलें तर विडी तिसऱ्या हिश्श्यानें घातक ठरावी. प्रयोगशाळांतील मापनांत मात्र तसें आढळलें नाहीं. विडीच्या धुरांतील निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हीं सिगारेटच्या तोडीचीं, पुष्कळदां तिच्याहून अधिक, निघालीं. थोड्या तंबाखूंतून इतका विषारी धूर काढून घेण्याचें काम वरचें पान आणि त्यानें लादलेले भराभर झुरके मिळून करतात. ‘ही तर झाडाच्या पानाची, कागदाची नव्हे,’ असें समाधान बाळगणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. मुंबईंत डॉ. जस्सावाला आणि देशपांडे ह्यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका ह्यांच्या कर्करोगाशीं धूम्रपानाचा आणि तंबाखू चघळण्याचा संबंध दाखविला होता, आणि त्या धूम्रपानांत विडीचा वाटा मोठा होता. सौम्य पान किंवा गोडसर पान हें शब्द जिभेचे आहेत. फुप्फुसाला त्यांचा अर्थ कळत नाहीं.

पानाचा तिसरा संबंध येतो तो वळणारीशीं. कारखान्यांतून तिला तंबाखू आणि पान वजनावर मिळतें, आणि मजुरी हजार विड्यांवर. रात्रीं पानें भिजवून ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावयाचीं. सकाळीं एकेक पान घेऊन, त्यावर पत्र्याचा मापाचा तुकडा ठेवून, कात्रीनें भोंवतालचा भाग कापावयाचा. मग सूप मांडीवर घेऊन चौकोनी तुकड्यांत चिमूटभर तंबाखू पसरावयाची, तिरकस वळवावयाची, रुंद तोंड दुमडून बंद करावयाचें आणि बारीक टोंकाशीं दोरा बांधावयाचा. दिवसभरांत हीच क्रिया आठशें ते हजार वेळां करावी लागते. शीर आडवी येतां कामा नये, नाहीं तर पान तेथेंच मोडतें. गुंडाळी सैल झाली तर विडी भसाभस जळते व तंबाखू तोंडांत येते; फार घट्ट झाली तर धूर ओढला जात नाहीं. एकच तंबाखू आणि एकच पान असूनहि दोन विड्यांची चव निराळी लागते, ती ह्या वळणांतल्या फरकामुळें.

पान चांगलें निघालें तर ठरलेल्या वजनांत हजार विड्यांचे तुकडे भरतात. डागाळलेलें, भोंकांचें, जून निघालें तर भरत नाहींत. वजन मात्र पुरेंच दिलेलें असतें. मग उरलेलें पान बाजारांतून स्वतःच्या पैशांनीं आणावें लागतें. विदर्भांतल्या रानांत पडलेल्या अवकाळी पावसाचा असा भुर्दंड नगरच्या एका खोलींत बसलेल्या बाईला पडतो. त्यावर पुन्हां ‘छाट’ आहे. तयार विड्या कारखान्यांत नेल्या म्हणजे तपासनीस त्या पाहतो. वेष्टण फुटलेल्या, डाग दिसणाऱ्या, वांकड्या विड्या बाजूला काढतो, आणि त्यांची मजुरी मिळत नाहीं. पान कारखान्याचेंच होतें, हा युक्तिवाद तेथें फारसा चालत नाहीं.

हें गाऱ्हाणें इतकें जुनें आणि इतकें सार्वत्रिक आहे कीं, विडी व सिगार कामगारांसाठीं १९६६ सालीं जो केंद्रीय कायदा झाला, त्यांत कच्चा माल देण्यासंबंधींचे, विड्या नाकारण्यासंबंधींचे आणि नाकारलेल्या विड्यांच्या मजुरीसंबंधींचे वाद निकालीं काढण्याची वेगळी तरतूद करावी लागली. हा कायदा घरीं बसून विड्या वळणाऱ्या बाईलाहि कामगार मानीत असे. १९७६ सालीं विडी कामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा झाला. घरें, दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या ह्यांचा खर्च त्यांतून होऊं लागला. तंबाखूची धूळ दिवसभर नाकांत जाणाऱ्या ह्या स्त्रियांत स्वतः विडी ओढणाऱ्या क्वचितच असतात. चवीची पारख त्या बोटांनीं करतात. पान उजेडासमोर धरलें कीं भोंक दिसतें. दोन बोटांत चोळलें कीं तें वळेल कीं तडकेल हें कळतें. आणि भिजविलेल्या पानाला आंबूस वास आला तर तें काल रात्रीं जास्त भिजलें, म्हणून विडी लवकर विझणार, हें त्यांना पेटविण्याआधींच ठाऊक असतें. अशीं पानें त्या निराळीं काढतात आणि, हजार भरत नसतील तर, शेवटीं पुन्हां त्यांतलींच थोडीं उचलतात.